एक वीत मागे

उत्तराने तो खोका प्रयोगशाळेतल्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा नलिनी लंबकांचे दोरे तपासत होती.

"घे तुला," उत्तरा म्हणाली. "भावाला म्हटलं अमेरिकेहून येताना एखादी साडी आण, तर त्याने हे आणलं. गाडीचे दीडशे तुकडे. जोडत बसा म्हणे. मला दोन वेळचा स्वयंपाक जोडता येत नाही."

उत्तरा त्याच कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती आणि नको असलेली प्रत्येक वस्तू ती भौतिकशास्त्राकडे पाठवून द्यायची. नलिनी हसून "ठेव तिथे" म्हणणार होती, इतक्यात खोक्यावरच्या चित्राकडे तिचं लक्ष गेलं. चार दरवाजांची जुनी मोटार, पुढे बशीएवढे दोन गोल दिवे, मडगार्डवर उभं ठेवलेलं जादा चाक. तिने दोरा खाली ठेवला.

"ही म्हातारी आहे," ती म्हणाली.

"कोण म्हातारी?"

"आमची टोचनगाडी."

बंद पडलेली गाडी साखळीने अडकवून ओढून न्यायची, याला गॅरेजवाले टोचन करणं म्हणतात. नलिनीचे वडील दत्ताराम परब आणि त्यांचे मित्र धोंडू हे दोघे कोकणातल्या एकाच वाडीतले. मुंबईत आले तेही एकाच बोटीने. परळच्या एका मिलच्या वर्कशॉपात दोघांनी फिटर म्हणून बारा वर्षं काढली आणि मग नोकरी सोडून मरोळला गॅरेज टाकलं. तिथे टोचनगाडी हवी होती. अंधेरीतल्या एका बंगल्याच्या आवारात एक अमेरिकन मोटार गंजत पडली होती. तिच्यात कोंबड्या राहत असत. सहासष्ट साली दोघांनी ती ढकलत आणली, पुढच्या सीटमागचं सगळं छप्पर कापून काढलं, मागे लोखंडी चॅनेलचा खांब उभा केला, खांबाला तिरका हात, हाताला कप्पी, साखळी आणि हूक. कोंबड्यांचा वास पुढे दोन वर्षं गेला नव्हता.

छप्पर कापलं तरी मागची सीट मात्र ठेवली होती. ती नलिनीची जागा. रविवारी दत्ताराम तिला आणि आईला म्हातारीतून मार्व्याला नेत आणि तिथून होडीने मनोरीला. आई पुढे बसायची, नलिनी मागे उघड्यावर, दोन वेण्या वाऱ्यावर आणि पाठ खांबाला टेकलेली. अकराव्या वर्षापासून पुढची चार-पाच वर्षं ती त्या सीटवर बसली. नंतर लाज वाटू लागली आणि तिने जाणं सोडलं.

एकोणऐंशी साली पवईच्या चढावर म्हातारी उलटली. फरशांनी भरलेला टेम्पो ओढत होती. टेम्पोच्या स्टिअरिंगवर धोंडूकाका होते, म्हातारीत दत्ताराम. म्हातारी आडवी होऊन रस्त्याखाली गेली. टेम्पो रस्त्यावरच राहिला. हूक सुटलेला सापडला आणि पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. हूक अडकवायचं काम नेहमी धोंडूकाकांचं. पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही.

तरीही आई पहिले काही दिवस धोंडूकाकांबद्दल बोलली नव्हती. निकाल लागला तो दहाव्याला, खाडीकाठी. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोर तिवरांवर आठ-दहा कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, नलूचं शिक्षण पूर्ण करू. कोणी सांगितलं, गावच्या घराची पडझड होऊ देणार नाही. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले. तेव्हा लांब बायकांत बसलेली आई उठून पुढे आली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "त्या धोंडूक आमच्या घरात पाय ठेवूक देवचंय नाय." आणि कावळा उतरला.

धोंडूकाका तिथेच होते, सगळ्यांच्या मागे. ते तसेच वळून चालू लागले.

नलिनी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आई पुढे आली तेव्हा पिंडांभोवती उभे असलेले सगळे पुरुष तिला वाट देण्यासाठी दहा-बारा पावलं मागे सरले होते, हे तिने पाहिलं होतं. पण पाहिलेली गोष्ट बोलण्याची ती वेळ नव्हती. मग वेळ गेली ती गेलीच. सात वर्षं झाली.

खोका घेऊन ती घाटकोपरला घरी आली. भटवाडीतल्या दोन खोल्यांमध्ये आता ती आणि आई, दोघीच.

"त्यांची गाडी करते," तिने आईला सांगितलं. "हुबेहूब. दसऱ्याला पूजेत ठेवू."

दसऱ्याला दत्ताराम हत्यारं धुऊन मांडायचे आणि म्हातारीला झेंडूचा हार घालायचे, तोही पुढे नाही तर मागे, हुकाला. पोट भरणारं अंग ते, असं म्हणायचे. ते गेल्यापासून आई त्यांचा एक पाना तेवढा पाटावर ठेवत असे.

आईने खोक्यावरच्या चित्रावर बोट फिरवलं. "हुकाक हार घालूक येतलो मगे?"

"येईल."

"मगे कर."

खोक्यातली माहिती वाचताना नलिनीला एका गोष्टीचं बरं वाटलं. गाडी मुळाच्या पंचविसाव्या हिश्श्याची होती. म्हणजे म्हातारीवरच्या एका इंचाला इथे जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर. हिशेब सोपा होता. माप मात्र कुठून आणायचं? म्हातारीचा एकच फोटो घरात होता, सदुसष्टच्या दसऱ्याचा. त्यात एका बाजूला दत्ताराम, मागच्या सीटवर नलिनी, आणि तिच्या खांद्याशी फोटो संपलेला. दहाव्यानंतर आईने कात्रीने त्यातले धोंडूकाका कापून काढले होते. ते खांबाला हात लावून उभे होते, त्यामुळे त्यांच्याबरोबर खांबही गेला होता.

तो कुठे उभा होता हे ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता. श्रावणातल्या पहिल्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती आईला न सांगता वाकोल्याला गेली.

धोंडूकाका खोलीच्या दारातच स्टोव्ह दुरुस्त करत बसले होते. गॅरेज मोडल्यावर त्यांनी हेच काम धरलं होतं. केस पांढरे झाले होते आणि श्वास घेताना खांदे वर जात होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण गो? नलू? दत्तारामाची नलू?"

"हो काका."

"बस. ह्या खोक्यार बस. आवस कशी आसा?"

"आई बरी आहे."

"गुडघे?"

"दुखतात."

"दुखतलेच. मिलच्या चाळीत तीन जिने पाणी चढवल्यान तिना." त्यांनी स्टोव्ह बाजूला केला.

"काका, म्हातारीचं माप हवंय," नलिनी म्हणाली. "मी तिची छोटी गाडी करतेय. प्लास्टिकची."

ते हसायला गेले आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत तिने कोपऱ्यातल्या कळशीतून पाणी आणून दिलं. "बघ," ते म्हणाले, "आमका तिका मोटारीची टोचनगाडी करूक चार महिने लागले, आणि तू एम.एस्सी. होवन तांच करतंस." मग खडू मागून घेऊन त्यांनी जमिनीवर म्हातारी काढायला सुरुवात केली. वीस वर्षांनंतरही एक आकडा अडला नाही. लांबी, चाकांतलं अंतर, तिरक्या हाताची उंची, सगळं विती आणि बोटांमध्ये. नलिनीने आधी त्यांची वीत पट्टीने मोजून घेतली. बरोबर नऊ इंच भरली.

"आणि खांब?"

त्यांनी मागच्या चाकांच्या आसाची रेघ काढली, तिच्यापासून वीत टाकली आणि फुली मारली. "आसाच्या मागे एक वीत."

"मागे? आसाच्या वर असायला हवा ना?"

"व्हयो होतो. पण नव्हतो."

"का?"

"जागा नव्हती." त्यांनी स्टोव्ह पुन्हा पुढ्यात ओढला आणि पिन घालून बघू लागले. मग म्हणाले, "तुझ्या खेळण्यात पुढे घे. कोण बघता?"

"जशी होती तशीच करायचीय."

"बापाशीर गेलंस." त्यांनी पिन काढून पुसली. "मगे एक कर. हुकाक वजन लावू नको. नुसती उभी कर, बरी दिसात."

निघताना त्यांनी पत्र्याच्या पेटीतून फोटो काढून दाखवला. सदुसष्टचाच, अखंड. तिने त्यावरही पट्टी लावून पाहिली. वीतच होती.

"नलू," ते म्हणाले, "गणपतीक गावाक जातंय. हय श्वास पुरत नाय. आता थंयच रवतलंय. तुझ्या आवशीक इचारशीत? जावच्या आधी एकदा येवन दत्तारामाच्या फोटोक हात जोडीन म्हणान. पाणी पण नको."

"विचारते," नलिनी म्हणाली.

"गणपतीच्या आदल्या दिवशी, रातची गाडी आसा."

त्या दिवशी तिने विचारलं नाही. आई भाकऱ्या भाजत होती आणि तोंडाने कसलंसं गाणं गुणगुणत होती, हे क्वचित व्हायचं. दुसऱ्या दिवशी विचारू, असं नलिनीने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने गाडी जोडायला घेतली.

ती नेहमी काम करी तसंच हेही केलं, म्हणजे घाई न करता. आधी मोटार पूर्ण कोरडी जुळवून पाहिली. मग ते सुंदर चकचकीत छप्पर पुढच्या सीटमागे हॅकसॉच्या पात्याने कापलं. उत्तराने बाटलीभर क्लोरोफॉर्म दिलं होतं. ब्रशने दोन कडांना लावायचं, प्लास्टिक मऊ पडतं, कडा दाबून धरायच्या की एक होतात. "बेशुद्ध पडू नकोस," उत्तराने बजावलं होतं, "तुझी प्रॅक्टिकल्स माझ्या गळ्यात येतील." खांबासाठी पितळेची पट्टी, हातासाठी सायकलचा आरा, साखळीसाठी तुटलेल्या खोट्या सोन्याच्या साखळीचा तुकडा. कप्पी म्हणून घड्याळजीकडचं एक चाक. हूक तिने केसांच्या आकड्याचा केला, सात वेळा वाकवून. मागची सीट खोक्यातलीच होती, तिला काहीच करावं लागलं नाही. गाडी फार हलकी वाटू लागली, तेव्हा तिने मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या इंजिनाच्या जागी आणि तळाला चिकटवल्या आणि प्रमाणात जेवढं वजन यायला हवं तेवढं आणलं. शंभर ग्रॅम. खांब आसामागे नऊ मिलिमीटरवर बसवला.

गाडी झाली. आईने ती तळहातावर घेऊन वळवून वळवून पाहिली. "अशीच होती," ती म्हणाली आणि पदराने उगाच पुसून परत दिली.

इथे थांबायला हवं होतं. पण "हुकाक वजन लावू नको" हे वाक्य नलिनीच्या डोक्यातून जाईना. शिकवताना ती मुलांना सांगायची, जे करू नका असं कोणी म्हणेल ते का करू नये हे आधी शोधा. टेम्पोच्या आणि फरशांच्या वजनाचा आकडा पंचनाम्यात होता. त्यातला किती भार हुकावर येईल ते तिने काढलं. पंचविसाव्या हिश्श्याच्या गाडीला त्रेचाळीस ग्रॅम. एका रविवारी ती पवईला गेली. येणारेजाणारे बघत होते. एक बाई रस्त्याच्या कडेला उभी राहून कोनमापकाला ओळंबा लावून चढ मोजते आहे, एवढंच त्यांना दिसलं असेल. सात अंश भरले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिने ड्रॉइंगचा बोर्ड टेबलावर आडवा ठेवला, वर म्हातारी ठेवली आणि हुकाला त्रेचाळीस ग्रॅमची पितळी वजनं टांगली. म्हातारी उभी राहिली. मग बोर्डाखाली पुस्तकं सरकवत तिने सात अंशांचा चढ केला आणि पुन्हा वजनं टांगली.

पुढची दोन्ही चाकं उचलली गेली. आवाज काहीच झाला नाही. चाकं हवेत राहिली आणि गाडी हळूच एका बाजूला वळली. चाकंच रस्त्याला टेकत नसतील, तर हातातलं स्टिअरिंग काय करणार?

मग नलिनीने ठरवलं, खांब पुढे घेऊन बघू. आसाच्या वर. तिने चिमट्याने खांब सोडवला, नऊ मिलिमीटर पुढे नेला, आणि तो कशाला तरी अडला. सीटला. मागची सीट काढल्याशिवाय खांब पुढे येतच नव्हता.

ती सीट उचकटून काढताना तिला मरोळचं गॅरेज आठवलं. ती अकरा वर्षांची, टायरवर बसून गृहपाठ करत होती आणि दोघे मित्र आतमध्ये वाद घालत होते. धोंडूकाका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दत्ताराम, सीट काढ." आणि वडिलांचा आवाज, "सीट काढलंय तर पोरगी खंय बसतली?"

सीट काढून, खांब पुढे घेऊन तिने तीच वजनं त्याच चढावर टांगली. चाकं टेकलेली राहिली.

त्याच संध्याकाळी ती घरी जाऊन आईला हे सांगू शकली असती. गणपतीला सोळा दिवस होते. पण एका वाचनावर निष्कर्ष काढायचा नाही ही तिची कॉलेजपासूनची सवय. तिने सीट परत चिकटवली, खांब मागे नेला, पुन्हा मोजलं. मग वाटलं, शिसं थोडं मागे तर चिकटलं नसेल? ते काढून पुन्हा बसवलं. मग वाटलं, गाडीत वडिलांचं स्वतःचं वजन धरलंच नाही. वाटाण्याएवढी एक गोळी ड्रायव्हरच्या जागी चिकटवली. चढ सहा अंशांचा असता तर? आठ असता तर? वहीचं पान भरलं, दुसरं भरलं. दर वेळी चाकं उचलली गेली. आईपुढे ठेवायची गोष्ट अशी हवी, की तिच्यात बोट घालायला जागा नको. असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते खरंही होतं. आणखी एक कारण होतं, ते मात्र वहीत मांडता येण्यासारखं नव्हतं. आईला हे सांगायचं म्हणजे वडिलांचं नाव घ्यायचं होतं आणि त्या सीटवर कोण बसायचं तेही सांगायचं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी आई मोदकांसाठी नारळ खवत होती. नलिनीने पाटावर बोर्ड टेकवला, म्हातारी ठेवली, वजनं टांगली आणि सगळं सांगितलं. आईने खवणं थांबवलं नाही.

"म्हणजे तेंचा चुकला म्हणतंस?"

"कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. हूक सुटला म्हणून गाडी उलटली नाही, आई. गाडी उलटली म्हणून हूक सुटला."

आईने अर्धी करवंटी फिरवून पाहिली, खोबरं उरलं नाही याची खात्री केली आणि बाजूला ठेवली.

"गाडी खेळण्यातली," ती म्हणाली. "कावळो खरो होतो."

यावर नलिनीजवळ उत्तर होतं. मागे सरलेल्या माणसांची दहा-बारा पावलं सात वर्षं तिच्या लक्षात होती. पण खवणीवर वाकलेल्या आईकडे बघून तिला ते बोलवेना. ती एवढंच म्हणाली, "काका आज रात्री कायमचे गावी चाललेत. एकदा येऊन फोटोला हात जोडू का, असं विचारलंय त्यांनी."

आईचा हात थांबला. "कधी इचारल्यान?"

"श्रावणात."

"आणि तू आता सांगतंस," आई म्हणाली.

त्यात राग होता की आणखी काही, हे नलिनीला कळलं नाही. आईने दुसरी करवंटी घेतली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दिवेलागणीपर्यंत नलिनी वाट बघत राहिली. होकाराशिवाय वाकोल्याला काय जायचं, असं तिला वाटलं. रात्रीच्या गाडीची वेळ होऊन गेली.

मध्ये गणपती गेले, पितृपक्ष गेला. दोघीही त्याबद्दल बोलल्या नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी आईने पाट मांडला. पाना, नलिनीच्या दोन वह्या, आणि मध्ये म्हातारी. झेंडूची माळ आईने स्वतः ओवली होती. ती गाडीच्या मानाने फारच मोठी झाली होती हे नलिनीला दिसत होतं, पण ती दाराला तोरण बांधत होती आणि तिचे दोन्ही हात अडकले होते. आईने फोटोला कुंकू लावलं, पान्याला लावलं, आणि माळ दुपदरी करून म्हातारीच्या हुकाला घातली.

गाडीचं तोंड वर झालं.

आईने माळ काढली. चाकं टेकली. पुन्हा घातली, पुन्हा तोंड वर. "पाट वाकडो आसा काय गो?" ती म्हणाली आणि गाडी उचलून फरशीवर ठेवली. तिथेही तेच. मग ती खाली बसली, गुडघे दुखत असताना, आणि माळेतलं एक एक फूल काढू लागली. एक काढायची, माळ हुकाला लावून बघायची. चाकं टेकली तेव्हा दोऱ्यात चारच फुलं उरली होती. काढलेली फुलं मांडीवर घेऊन ती गाडीकडे बघत राहिली.

"ही सीट कशाक ठेवलंस?"

"होती म्हणून."

"तू बसायचंस."

"हो."

नलिनी तोरण सोडून तिच्याजवळ येऊन बसली. फोटोकडे न बघता आई म्हणाली, "माका इचारल्यानी तेंनी. धोंडू सीट काढूक सांगता, काय करू. मी म्हटलंय, नको काढू. पोर उभी रवान पडात." तिने मांडीवरची फुलं परडीत टाकली. "एक शब्द नाय बोललो तो. सात वर्सां."

"काका?"

"भावजी," आई म्हणाली. दहाव्यानंतर पहिल्यांदाच.

जेवणं झाल्यावर आईने चांगलं लुगडं नेसलं आणि आपट्याची पानं पिशवीत घेतली. नलिनीने तिला आठवण करून दिली की ते गावी जाणार होते. "तब्येत बरी नसली म्हणजे माणूस रवता मागे," आई म्हणाली. "दसऱ्याक मोठ्या माणसाक सोना देवक नको?" नलिनीने म्हातारी रुमालात गुंडाळून बरोबर घेतली. रिक्षाला वाकोल्याचा पत्ता सांगितला.

खोलीला कुलूप होतं. दारात जिथे स्टोव्ह मांडलेले असत, तिथे रॉकेलचे गोल डाग तेवढे होते. शेजारच्या खोलीतून राधा नावाची एक बाई बाहेर आली. तिच्या हातात धोंडूकाकांची हत्यारांची पेटी होती. त्यांनी जाताना ती तिच्या नवऱ्याला दिली होती.

"ते तर गणपतीलाच गेले," ती म्हणाली. "सगळं आवरून. आता येत नाही म्हणाले."

"काही निरोप?" नलिनीने विचारलं.

"निरोप नाही. तुम्ही त्यांच्या घरच्या का?" राधाने आईकडे पाहिलं. "जायच्या दिवशी सकाळपासून दारात बसून होते बघा. दाढीबिढी करून, धुतलेला सदरा घालून. मी म्हटलं, काका, गाडी रात्रीची ना, मग आत पडा जरा. तर म्हणाले, कोणी तरी बोलवायला येणार आहे, हाक मारली आणि आपण आत असलो तर? दिवे लागले तेव्हा उठले."

राधाने खुर्ची आणू का म्हटलं, तर आईने मान हलवून नको म्हटलं. ती दारापाशी गेली, कुलपाला हात लावून पाहिला, जणू ते नुसतंच अडकवलेलं असेल. मग पिशवीतून आपट्याचं एक पान काढलं आणि कडीच्या फटीत खोचू लागली. कडी गंजून बसली होती, पान आत शिरेना, दुमडू लागलं. नलिनीने हातातला रुमाल जपून खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कडी थोडी वर उचलून धरली.